वीस हजार लीग, सहा महिने आणि एक पायपेटी

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या जुन्या मूकपटाच्या पाट्या, म्हणजे दृश्यांच्या मधे पडद्यावर येणारा मजकूर, मराठीत करून तो आमच्या गावच्या वाचनालयात दाखवायला मला सहा महिने लागले. यात मोठं काही केलं असं नाही, पण वाटेत इतक्या ठिकाणी अडले की पुढच्या माणसाला थोडा रस्ता कळावा म्हणून हे लिहिते आहे. मी चित्रपटक्षेत्रातली नाही. पतपेढीत हिशेब लिहिते आणि मालवणजवळच्या एका गावातल्या वाचनालयाचा बालविभाग सांभाळते.

सुरुवात जुलै 2023 मध्ये झाली. जून-जुलै आमच्याकडे मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, घरात बापमाणसं, बाहेर पाऊस. अशा दिवसांत शनिवारच्या गोष्टीला पोरं हमखास येतात. मी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो सांगत होते. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला म्हणून माझ्या पिढीला तो ठाऊक, या पोरांना नाही. पाणबुडी, काचेतून दिसणारे मासे, सगळं रंगात आलेलं. शेवटी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "पण बाई, तो खंयचो?"

मी म्हटलं, "आपल्याकडचाच. बुंदेलखंडचा राजपुत्र."

एकाचाही विश्वास बसला नाही. उलट मी गोष्ट गोड करायला काहीतरी घुसडते आहे असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

खरं तर त्यात माझ्या पदरचं काही नव्हतं. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' या 1870 च्या कादंबरीत नेमो कुठला ते व्हर्न सांगतच नाही. 'नेमो' म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणीच नाही'. व्हर्नच्या मनात आधी नेमो पोलिश होता, रशियनांनी घरदार उद्ध्वस्त केलेला. पण रशियात पुस्तकं खपत होती, म्हणून प्रकाशक हेट्झेलने ते होऊ दिलं नाही. मग 1875 साली पूर्ण झालेल्या 'द मिस्टीरियस आयलंड' या बेटाच्या कादंबरीत कळतं की हा प्रिन्स डाक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, 1857 च्या उठावात लढलेला. व्हर्नने त्याला टिपूचा भाचाही करून टाकलं आहे. टिपू 1799 मध्ये श्रीरंगपट्टणला पडला, तो बुंदेलखंडच्या घरात मामा कसा, हे विचारू नये. बुंदेलखंड म्हटलं की आपल्याला झाशी आठवते, झाशी म्हटली की नेवाळकर. फ्रान्समध्ये बसून नकाशावर बोट ठेवणाऱ्या माणसाला एवढं जमलं हेच खूप.

पोरांना पुरावा हवा होता. चित्रपट दाखवला तर? 1954 चा डिस्नेचा रंगीत चित्रपट सगळ्यांना ठाऊक असतो, त्याला देखाव्यांसाठी आणि विशेष दृश्यांसाठी ऑस्कर मिळालेलं आहे, जेम्स मेसनचा नेमो सुंदरच आहे. पण त्यात तो भारतीय नाही. शिवाय तो दाखवायचा तर परवाना घेणं आलं. शोधता शोधता हा 1916 चा मूकपट सापडला. युनिव्हर्सलचा, दिग्दर्शक स्टुअर्ट पॅटन. यात व्हर्नच्या दोन्ही कादंबऱ्या एकत्र कालवल्या आहेत आणि नेमो स्पष्ट शब्दांत हिंदुस्थानी राजपुत्र आहे. अ‍ॅलन होलुबार नावाच्या गोऱ्या नटाला तोंडाला रंग फासून, पांढरी दाढी लावून उभा केला आहे, नाताळबाबाला उन्हात उभं केल्यासारखा. पण आहे आपला.

आणि समुद्र खरा आहे. हे मला दुसऱ्यांदा पाहताना कळलं, मग मी त्यामागची माहिती वाचत बसले. चार्ल्स विल्यमसन नावाच्या जहाजावरच्या कप्तानाने लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून एक लांब, लवचिक नळ केला होता, बुडालेल्या जहाजांच्या कामासाठी. त्याच्या अर्नेस्ट आणि जॉर्ज या मुलांनी त्या नळाच्या खालच्या टोकाला एक लोखंडी गोळा बसवला, त्याला जाड काचेची खिडकी. वर होडी, मधे नळ, खाली गोळा, गोळ्यात माणूस आणि कॅमेरा. नळ वर उघडा, त्यामुळे आत आपली नेहमीची हवा. दहा मीटर खाली पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो वाढतो, तो सगळा त्या काचेने सोसायचा. असं बहामाच्या समुद्रात चित्रण झालं. तिथेच का, तर पाणी नितळ. मोठ्या नद्या नाहीत, गाळ नाही, खाली चुनखडीची पांढरी वाळू. आपल्या समुद्रात नद्यांनी आणि पावसाने आणलेला गाळ असतो, मालवणला स्कूबावाले सुद्धा पावसाळ्यात दुकान बंद ठेवतात. चित्रपटाच्या सुरुवातीला हे दोघे भाऊ पडद्यावर येऊन टोपी काढून नमस्कार करतात. मला ते फार आवडलं. त्याच सुमारास नाशकात दादासाहेब फाळके 'लंकादहन'ची तयारी करत असतील. तो 1917 चा.

ठरलं. पाट्या मराठीत करायच्या आणि नाताळच्या सुट्टीत दाखवायचा.

पहिली गोष्ट हक्कांची. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे हा कधीच मोकळा झाला आहे. अमेरिकेतही मोकळा आहे. पण इथे एक मेख आहे. कोणी हल्ली जुनी फीत स्वच्छ करून, नवं संगीत देऊन विकायला काढली असेल, तर त्या संगीतावर हक्क असतो. म्हणून मी ओरखडे असलेली जुनी प्रत घेतली आणि तिचा आवाज पहिल्याच दिवशी काढून टाकला. ही माहिती एका कागदावर टाइप करून ठेवा. मला तो कागद पुढे चार ठिकाणी द्यावा लागला.

ऑगस्टभर भाषांतर. शंभरावर पाट्या, कुठे एक ओळ, कुठे परिच्छेद. वाटलं आठवड्यात होईल. नावापाशीच आठवडा गेला.

लीगचं काय करायचं? व्हर्नची लीग म्हणजे चार किलोमीटर. वीस हजार लीग म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर, पृथ्वीला दोन वेढे. तरी जगभर लोकांना वाटतं की ही खोली आहे. समुद्र सगळ्यात खोल जागी अकरा किलोमीटरच्या आसपास, तिथे ऐंशी हजार कुठून येणार? 'कोस' घ्यावा तर कोस साधारण तीन-सव्वातीन किलोमीटरचा, आकडा चुकतो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मापाचं राहू दे गं. 'समुद्राखाली' लिहिलंस तर सगळे खोलीच समजणार. 'समुद्राखालून' लिही." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एका ऊन प्रत्ययाने दीडशे वर्षांचा घोळ मिटला. 'समुद्राखालून वीस हजार कोस'. कोसाची चूक मी जाणूनबुजून पदरात घेतली. 'लीग' म्हटलं असतं तर आमच्याकडे क्रिकेट आठवलं असतं.

दुसरा घोळ नावांचा. पाटीवर राजपुत्राचं नाव इंग्रजीत वेगळ्याच स्पेलिंगने आहे. 'डाकर' लिहिलं तर ढेकर ऐकू येते, मी 'डाक्कर' केलं. बेटावर एकटी वाढलेली मुलगी आहे, पाट्यांमध्ये तिला 'निसर्गकन्या' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलंय. बाईंना 'वनकन्या' सुचलं, मला 'रानपोर'. 'रानपोर' ठेवलं. ती तशीच वागते.

पाट्या बनवायचं काम भाच्याकडे. तो कुडाळला फोटो-व्हिडिओचं काम करतो. त्याने थेट व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं आणि जोडाक्षरं फुटली, 'राजपुत्र' चा 'राजपुत् र' झाला. उपाय सोपा आहे: पाटी साध्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, तिचं चित्र बनवा, ते चित्र व्हिडिओत लावा. टाइप निवडताना मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श असलेला घ्या. टिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळतो आणि जुन्या छापखान्याच्या तोंडवळ्याचा आहे. काळ्यावर पांढरं, कडेला बारीक चौकट. मूळ पाट्यांच्या जवळ गेलं.

पाटी किती वेळ ठेवायची हा प्रश्न मी त्या सातवीतल्या मुलीवर सोडला. ती मोठ्याने वाचायची, मी मोबाइलवर सेकंद मोजायचे, आणि त्यात दोन सेकंद मिळवायचे. मूळ पाट्या तिच्या मानाने फार भराभर जात होत्या. तिच्या आजीलाही बसवलं. आजी म्हणाली, "पाटी गेली पण, माका वाचूक गावली नाय." मग आणखी एक सेकंद. असं करत चित्रपट काही मिनिटांनी लांबला. हे लक्षात ठेवा, पुढे याच मिनिटांनी मला रडवलं.

वेगाचंही सांगते. मूकपट हाताने दांडा फिरवून घेतलेले, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी. हल्लीच्या वेगाने चालवला की माणसं तुरुतुरु पळतात आणि सगळं विनोदी होतं. आमच्या प्रतीत पाण्यावरची दृश्यं जरा पळत होती, भाच्याने तेवढी संथ केली. पाण्याखालची हात न लावता बरोबर होती. पाण्यात सगळेच संथ.

सप्टेंबरमध्ये कागद सुरू झाले.

माझी समजूत होती की फुकट दाखवायचं तर कोण विचारतंय. तसं नाही. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तिकीट असो वा नसो. शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी मूकपटाला वाचनालयाने प्रमाणपत्र काढायचं म्हणजे उंदराने हत्तीचं लग्न लावण्यासारखं. पण त्याच कायद्याच्या कलम 9 मध्ये केंद्र सरकार सवलत देऊ शकतं आणि चित्रपट महोत्सवांना ती तशीच मिळते. हे मला एका शहरातल्या फिल्म सोसायटीच्या सचिवांनी फोनवर सांगितलं. त्यांचा जानेवारीत मूकपटांचा दोन दिवसांचा छोटा महोत्सव होता. म्हणाले, "तुमचं गाव आमचं एक केंद्र धरतो. अर्ज आमच्या नावाने जाईल, माहिती तुम्ही द्या." वाचनालय चालवणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच: आधी जवळची फिल्म सोसायटी शोधा, मग चित्रपट.

माहिती म्हणजे चित्रपटाचं नाव, देश, साल, दिग्दर्शक, कालावधी, कथासार, कार्यक्रम व्यापारी नाही असं लेखी, आणि महोत्सवाच्या समितीने चित्रपट पाहिल्याचं पत्र. कालावधीत मी 105 मिनिटं लिहिलं, कारण पुस्तकांत तेवढा आढळतो. समितीने पाहिली आमची लांबलेली फाइल. पत्रात आले 112. एका कागदावर 105, दुसऱ्यावर 112. सप्टेंबरच्या शेवटी गेलेला अर्ज नोव्हेंबरात खुलाशासाठी परत आला: दोन्ही चित्रपट एकच आहेत का? चूक सर्वस्वी माझी. मी एक पानभर लिहिलं की बाबांनो, आमच्या आजीला पाटी वाचायला वेळ लागतो. सचिवांनी ते वाक्य काढून 'भाषांतरित शीर्षकपट्ट्यांचा कालावधी वाढवल्यामुळे' असं केलं. सात मिनिटांपायी पाच आठवडे गेले आणि नाताळ हातातून गेला. तारीख पडली 7 जानेवारी 2024, रविवार.

तेव्हाच सचिवांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी विचारायला हवी होती. त्यांच्या महोत्सवाला प्रवेश फक्त नावनोंदणी केलेल्यांना, आणि तोही अठरा वर्षांवरच्यांना.

ज्या पोरांना पुरावा द्यायचा म्हणून हे सुरू केलं, तीच बाहेर. मी फोन ठेवला आणि पतपेढीच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. खरं बोलायचं तर त्या नियमात शहाणपणही होतं. चित्रपटात नेमोच्या मागच्या आयुष्याचा भाग आहे. एक इंग्रज अधिकारी राजपुत्राच्या बायकोवर हात टाकतो, ती स्वतःला संपवते, तो मुलगी पळवून नेतो. मी तो भाग पाहिला होता, भाषांतरही केलं होतं, आणि तरी नऊ वर्षांच्या पोरांपुढे तो कसा जाईल याचा विचार केला नव्हता. पोरांना कबूल करण्याआधी चित्रपट शेवटपर्यंत त्यांच्या डोळ्यांनी बघा.

शनिवारी पोरांना सांगितलं. रडलं कोणी नाही. एकाने फक्त विचारलं, "मग पेटीचो सराव तरी आमका बघूक गावतलो?"

आता पेटीचं. आवाज काढून टाकलेला, दोन तास मुका पडदा लोकांनी बघायचा कसा? बाजारातलं संगीत लावावं तर पुन्हा परवाने. मूकपटाच्या काळात आपल्याकडे पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन वादक बसायचे. आमच्याकडे तर दशावतार. संवाद कुठे लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर ऐन वेळी बोलतो आणि पायपेटी, पखवाज, झांज त्याच्या मागे जातात. समोरच्याच्या तोंडाकडे बघून वाजवायची त्यांना सवय. शेजारच्या गावातल्या पेटीमास्तरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तारीख काय?"

इथे मी आणखी एकदा चुकले होते. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, रोज रात्री कुठे ना कुठे नाटक. दशावताराच्या माणसाची तारीख जानेवारीत मिळणं म्हणजे लग्नसराईत भटजी मिळण्यासारखं. 7 तारखेला त्यांचा प्रयोग होता, पण दूर नाही, आणि जत्रेतलं नाटक मध्यरात्रीच्या सुमारास उभं राहतं. म्हणाले, "सहाक चालू करा, साडेआठाक माका सोडा." आमचं ठरलं.

त्यांनी चित्रपट लॅपटॉपवर तीनदा पाहिला, दोनदा माझ्या घरी. पहिल्यांदा गप्प. दुसऱ्यांदा मांडीवर बोटं चालायला लागली. तिसऱ्यांदा वाचनालयाच्या पडवीत सराव, पखवाज आणि झांजेसकट, लॅपटॉपचा पडदा फक्त त्यांच्याकडे वळवलेला. पोरं भिंतीला टेकून ओळीने बसली होती, त्यांना चित्र दिसत नव्हतं. नेमो आपल्या पाहुण्यांना पाणबुडीच्या मोठ्या काचेतून समुद्र दाखवतो तो भाग आला. मास्तरांनी पाय भात्यावर अगदी हळू केला, एकच सूर लांब धरला, त्यावर दोन बोटांनी मधूनच काहीतरी सोडत राहिले, मासे यावेत तसं. पोरं विचारत होती, "आता काय दिसता?" आणि मास्तर वाजवता वाजवता सांगत होते, "खडक. आता एक मोठो मासो. तो मोरी असा." तो खराच शार्क आहे, मास्तरांची नजर बरोबर.

मग ऑक्टोपस. हा मात्र खोटा. आत माणूस बसवून हलवलेलं धूड. मोती काढणाऱ्या पाणबुड्याला तो धरतो आणि नेमो वाचवायला बाहेर पडतो. मास्तरांनी क्षणभर पखवाजवाल्याकडे पाहिलं आणि दशावतारातला राक्षस संकासुर रंगमंचावर येताना जे वाजतं ते सुरू केलं. पोरांना सांगावं लागलं नाही. अख्खी ओळ उभी राहिली.

डिसेंबरात किरकोळ कागद. पोलीस ठाण्याला ध्वनिक्षेपकाचा अर्ज, तारीख, वेळ, अंदाजे माणसं. रात्री दहाच्या आत आटपणार असल्याने अडचण आली नाही. ग्रामपंचायतीचं ना हरकत. सवलतीचं पत्र 28 डिसेंबरला आलं, त्याच्या तीन प्रती काढल्या. नावनोंदणीची वही वाचनालयात ठेवली. गावाला 'आधी नाव द्या, मग या' हे पटवणं सरकारी कामापेक्षा अवघड गेलं. "पिक्चर फुकट, मग सही कित्याक?" पण 146 जणांनी केली. एक पानाचा कागदही छापला: कोण कोणाचं कोण लागतं. दोन कादंबऱ्यांची खिचडी आहे, त्याशिवाय बेटावरचे लोक फुग्यातून का पडले हे कोणाला कळलं नसतं. त्या कागदावरच लिहिलं की हिंदुस्थानी माणसं गोऱ्या नटांनी रंग लावून केली आहेत, तेव्हाची रीत तशी होती, आणि आपल्याला ते खटकेल.

खर्च असा: सभागृह 1,500 रुपये, प्रोजेक्टर आणि स्पीकर 4,000, तिघा वादकांचं मानधन 6,000, झेरॉक्स, छपाई, कुरिअर 850, चहा आणि भजी 2,150. एकूण 14,500. वाचनालयाने कार्यक्रम निधीतून 8,000 दिले, उरलेले मी घातले. पर्यटनाच्या दिवसांत आमच्याकडे प्रोजेक्टरचं भाडं चढतं. शक्य असेल तर फेब्रुवारी धरा.

रविवारी साडेचारला प्रोजेक्टरवाला आला. पडदा लावला, चित्र लावलं, आणि नेमो पिंपासारखा दिसायला लागला. सगळेच आडवे सुटलेले. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस असते, चारास तीन. त्याने ती ओढून पडदाभर केली होती. "ताई, दोन्ही बाजूंनी काळा रवता, बरा दिसत नाय." मी म्हटलं, राहू दे काळं. यावर दहा मिनिटं गेली. तुम्ही घरूनच 'चारास तीन' असं चिठ्ठीवर लिहून न्या.

सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. दोन भाऊ आले, टोपी काढली, आणि पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी चक्क हात जोडले. पहिली वीस मिनिटं कुजबुज होती, कोण कोण आहे ते शोधण्याची. मग मोठी काच आली. बहामाचं पाणी. खोलीत एकदम शांत झालं, भात्याचा श्वास ऐकू येण्याइतकं. मागच्या रांगेत स्कूबाची दोन मुलं होती, रोज पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली नेणारी. त्यांतला एक स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "इतक्या नितळ पाणी खंय बघूक गावतला?"

बाहेर पडवीत पोरं होती. त्यांना घरी जा म्हणून सांगितलं होतं, ती गेली नव्हती. दारं लावलेली, खिडक्यांना पडदे. ऑक्टोपसचा पाय दिसायच्या आधी मास्तरांनी पखवाजाला मान हलवली, ते संकासुराचं वाजलं, आणि भिंतीपलीकडून वीस-पंचवीस गळे एकदम ओरडले, "संकासुर इलो रे, इलो!" आतली 146 माणसं दचकली, मग हसली. मास्तर हसले नाहीत, त्यांचं लक्ष नेमोच्या हाताकडे होतं.

राजपुत्राची कहाणी शेवटाकडे येते. पगडी, राजवाडा, हॉलिवूडने बांधलेला हिंदुस्थान. लोक हसतील अशी मला भीती होती. कोणी हसलं नाही. मास्तर तिथे चक्क गप्प बसले, नुसती झांज एकदा. 'मी राजपुत्र डाक्कर होतो' या अर्थाची पाटी आली, ती आजीच्या हिशेबाने पुरेशी थांबली, आणि आजीने ती मोठ्याने वाचली. शेजारच्या बाईला म्हणाली, "बघ, आमचोच मां तो."

आठ वाजून दोन मिनिटांनी संपलं. मास्तरांनी भजी कागदात बांधून घेतली, पायपेटी रिक्षात चढवली. पडवीतल्या पोरांनी त्यांना घेरलं होतं. सातवीतली मुलगी माझ्याकडे आली नाही, सरळ आजीकडे गेली आणि विचारलं, "खंयचो ता?"

पाट्यांच्या सगळ्या फाइल्स वाचनालयात ठेवल्या आहेत, कोणालाही मिळतील, येताना पेनड्राइव्ह आणा. फक्त तिसऱ्या पाटीवर 'सूड' मधला उकार ऱ्हस्व झाला आहे तो दुरुस्त करून घ्या. सहा महिने पाच जणांनी वाचून सुटला, आणि पडद्यावर दोन हात उंच होऊन दिसला.